रात्रीचा पहारा

आमच्या लोद शहरात असे बेने इस्राएल घर क्वचितच आढळेल, की ज्याच्या फ्रीजमध्ये नारळाच्या दुधाशेजारी इन्सुलिन ठेवलेले नाही. मला स्वतःला मधुमेह जडून २२ वर्षे झाली. पथ्य, गोळ्या आणि सुई यांविषयी आपण एकमेकांशी मोकळेपणाने बोलतो. निद्रेविषयी मात्र बोलत नाही. रात्री चार वेळा उठणे, घशाची कोरड, सकाळचा शीण हे सारे मी वार्धक्याच्या खाती मांडीत आलो होतो. ही चूक मला कशी उमगली, ते वाचकांपुढे ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात एका नातलगाकडे नवसाचा मलिदा होता. गोड पोहे, खोबरे, खजूर, केळी यांवर मी मनसोक्त ताव मारला आणि घरी येताच, अपराधी मनाने, डॉक्टरांना न विचारता इन्सुलिनची मात्रा वाढवून टोचून घेतली. पत्नीला हे सांगितले नाही. रात्री तीनच्या सुमारास मी स्वप्नात रेवदंड्याच्या खाडीत बुडत होतो. तिने हलवून उठविले, तेव्हा सदरा घामाने भिजला होता, हात कापत होते आणि नातवाचे नाव आठवत नव्हते. यंत्राने साखर ४६ दाखविली. शब्बाथच्या किद्दुशसाठी आणलेला द्राक्षांचा रस तिने अर्धा पेला पाजला, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले. आकडा ७० च्या वर चढला, तेव्हा ती खाली बसली.

“तू इतक्या रात्री जागी कशी?” मी विचारले.

“मी रोजच जागी असते. घोरता घोरता तुमचा श्वास मध्येच थांबतो. तो पुन्हा सुरू होईतो मी आकडे मोजते. तुम्हांला तीनदा सांगितले. तुम्ही म्हणालात, म्हातारपणी असे व्हायचेच.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी सारे कबूल केले. डॉक्टरांनी समजाविले, की रक्तातील साखर साधारण १८० च्या पुढे गेली म्हणजे ती लघवीवाटे जाऊ लागते व सोबत पाणी ओढून नेते. म्हणून रात्री वारंवार उठावे लागते. उलट, साखर फार उतरली तर घाम, थरकाप व भयंकर स्वप्ने पडतात. शिवाय, अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा प्रभाव घटतो, म्हणजे साखर झोप बिघडविते आणि बिघडलेली झोप साखर. श्वासाची तपासणी घरीच, बोटाला व छातीला उपकरण लावून झाली. निद्रेतील श्वासरोध निघाला. हा विकार मधुमेहींत पुष्कळ आढळतो.

आता मी नाकावर मुखवटा लावून झोपतो. पहिल्या आठवड्यात तो दोनदा भिरकावला; पुढे सवय झाली. रात्रीचे जेवण सात वाजता, भात थोडा, बिरडे अधिक. जेवणानंतर अर्धा तास फेरी. दुपारनंतर चहा बंद. झोपण्याची वेळ शुक्रवारीही तीच. दंडावरील सेन्सर साखर उतरताच घंटा वाजवितो. इन्सुलिनच्या मात्रेत मी स्वतः हात घालीत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरी कोणी जोराने घोरत असेल, दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, कोणाचे पाय रात्री जळत असतील, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. उशाशी रस वा साखर ठेवा. मात्र रोगी शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. १०१ ला फोन करा. आणि शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीस विचारा, की तिला झोप लागते काय?

परवा पहाटे मला जाग आली, तेव्हा पत्नी गाढ झोपली होती. तिला न उठविता मीच दोघांसाठी चहा ठेवला, बिनसाखरेचा.