लग्नाचा ग्रूप फोटो

मांडव उतरला, आचारी आपली झारे-कढया घेऊन गेले, पाहुण्यांची शेवटची खेप स्टेशनावर पोहोचली, म्हणजे लग्नघरात मागे काय उरते? आमच्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. शेजाऱ्यांची परत करावयाची भांडी, हलवायाचा हिशेब, आणि महिन्याभराने फोटोग्राफरकडून येणारा जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला एक ग्रूप फोटो. पहिल्या दोन गोष्टी यथाकाल निकालात निघत. तिसरी मात्र दिवाणखान्याच्या भिंतीवर चढे आणि दोन दोन पिढ्या तेथून खाली उतरत नसे.

असा एक फोटो आमच्या जळगावच्या घरी आहे. १९५७ सालच्या वैशाखात आमच्या आत्याचे लग्न झाले, त्या वेळचा तो आहे. वऱ्हाड धुळ्याहून आले होते. धुळ्याहून निघून चाळीसगावला गाडी बदलायची आणि मग जळगावकडची गाडी धरायची, असा तो प्रवास असे. खानदेशातला वैशाख म्हणजे काय ते खानदेशकरांस सांगावयास नको. वऱ्हाड उतरले तेव्हा व्याह्यांच्या उपरण्यांवर इंजिनाचा कोळसा आणि तोंडावर उन्हाचा ताव होता. पन्हे, वाळ्याचे पाणी आणि पंखे यांनी त्यांचे स्वागत झाले. जळगावची वांगी मोठी की धुळ्याकडची, यावर सीमांतपूजनापूर्वीच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची जुंपली आणि तेथेच सोयरीक खऱ्या अर्थाने जमली, असे आमचे आजोबा पुढे सांगत.

गोरज मुहूर्तावर लग्न लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, चौकात फोटो काढण्याचे ठरले. फोटोग्राफरने तिकाटण्यावर लाकडी कॅमेरा उभा केला आणि तो काळ्या फडक्याखाली शिरला. त्याने मोजक्या प्लेटा आणल्या होत्या, म्हणून कोणी कोठे बसावे याचा विचार जणू पानिपतची व्यूहरचना व्हावी तसा चालला होता. मध्ये वधूवर, दोन्ही बाजूंस व्याही-विहिणी, मागे उभे राहिलेले काका-मामा, पुढे सतरंजीवर आम्ही पोरे. हलायचे नाही, हसायचे नाही, अशी आम्हांस ताकीद होती. जुन्या फोटोंतील सगळी माणसे रागावलेली का दिसतात, असे आजची मुले विचारतात. पूर्वीच्या प्लेटांस प्रकाश पुष्कळ वेळ द्यावा लागे आणि तेवढा वेळ हसू टिकवणे कोणालाच साधत नसे. प्लेटा सुधारल्या तरी गंभीर बसण्याची सवय मात्र मागे राहिली, हे त्याचे खरे कारण.

सगळे बसले, आणि आत्या एकदम म्हणाली, "माईला बोलवा ना कोणीतरी."

माई म्हणजे आजोबांच्या धाकट्या भगिनी. चौदाव्या वर्षी त्यांचे कपाळ पुसले गेले आणि त्या माहेरी परत आल्या. आत्याची आई बाळंतरोगाने गेल्यावर आत्याला त्यांनीच वाढविले. लग्नाचे पापड-कुरडया, सांडगे, रुखवताच्या करंज्या, पाचशे पानांचा स्वयंपाक, सारे त्यांच्या देखरेखीखाली झाले होते. परंतु अंतरपाट धरला तेव्हा त्या माजघरात होत्या, आणि आता फोटोच्या वेळीही त्या तेथेच होत्या.

आत्याच्या शब्दावर चौकात क्षणभर शांतता पसरली. विहीणबाईंनी पदर सारखा केला. आजोबांनी खाकरून आकाशाकडे पाहिले. तेवढ्यात माजघराच्या दारातून माईंचाच आवाज आला, "अगं, शुभकार्य आहे. आम्हांला कशाला त्यात? काढा हो तुम्ही फोटो, पोरे उन्हात बसली आहेत." फोटोग्राफरने झाकण काढले आणि परत बसविले. सर्वांना हायसे वाटले.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. आमच्या घरी या गोष्टींचा आदराने उल्लेख होई आणि आजोबा अनाथ बालिकाश्रमाला वर्षाचे वर्षाला वर्गणी पाठवीत. असे असूनही आमच्या अंगणातल्या एका फोटोत स्वतःच्या बहिणीला खुर्ची द्यावयाची हिंमत आम्हांपैकी एकाला झाली नाही. तो दोष फोटोग्राफरचा नव्हे, व्याह्यांचाही नव्हे. तो आमचा.

चाळीसगावास गाडी बदलणाऱ्या वऱ्हाडाला कदाचित ठाऊकही नसेल की, त्याच गावी एक थोर छायाचित्रकार राहत होता. केकी मूस यांचा जन्म १९१२ साली मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. तरुणपणीच ते चाळीसगावास आले आणि १९८९ साली निधन होईपर्यंत घराच्या उंबऱ्याबाहेर क्वचितच पडले. मेजावर कापूस, काटक्या, दगड मांडून ते असा देखावा उभा करीत की पाहणाऱ्यास हिमालयाचा भास व्हावा. त्यांच्या कलेचा सन्मान परदेशांतही झाला. त्यांच्या प्रेयसीने पंजाब मेलने येण्याचे वचन दिले होते आणि म्हणून त्या गाडीच्या वेळी ते रोज दार उघडे ठेवीत, अशी कथा चाळीसगावात सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्यांचे घर आज कलादालन म्हणून पाहावयास मिळते आणि तेथे गेल्यावर ती खोटी आहे असे म्हणवत नाही. ज्याच्या लग्नाचा फोटो कधी निघालाच नाही, असा हा फोटोग्राफर! आम्ही तेथे गेलो तेव्हा आम्हांस राहून राहून माईंची आठवण झाली. एक दार उघडे ठेवून वाट पाहणारा, आणि एक दाराआड उभी राहून वाट सोडून दिलेली.

माई १९६८ साली गेल्या. पिंडदानाच्या वेळी भिंतीवर लावावयास त्यांचा फोटो शोधला तेव्हा घरात एकही निघाला नाही.

तीन वर्षांपूर्वी तो १९५७ चा फोटो डागाळू लागला म्हणून आमच्या पुतण्याने त्याची संगणकावर प्रत केली आणि ती मोठी करून पाहिली. मागे माजघराचे दार अर्धवट उघडे आहे, आणि चौकटीवर एक हात टेकलेला आहे. मनगट मोकळे, काकणावाचून. चेहरा दिसत नाही. पण आम्हां सर्वांच्या मागे, चौकटीस धरून, त्या उभ्या होत्या, हे नक्की. आत्या आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना ते दाखविले तेव्हा पुष्कळ वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग असेल बघ." फोटोत तेवढे दिसत नव्हते. आम्ही 'आहे' म्हणालो.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ साली धुळ्यास देह ठेवला. गावोगावच्या घरांतील दप्तरे धुंडाळण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. घराण्याच्या माळ्यावरचा कागद हाही इतिहासच, हे त्यांनी महाराष्ट्रास शिकविले. लग्नाचा फोटो हाही तसाच कागद होय. मात्र तो वाचताना कोण आहे याबरोबर कोण नाही हेही वाचावे लागते.

गेल्या माघात आमच्या नातीचे लग्न धुळ्यास झाले. फोटो इतके निघाले की मोजण्याची सोय नाही, आणि डोक्यावरून एक यंत्र भुंग्यासारखे गुणगुणत फिरत होते. आमच्या धाकट्या वहिनींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. ग्रूप फोटोची हाक आली तशा त्या हळूच मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा पानांचे बघते." २०२२ साली कोल्हापूरकडील हेरवाड गावाने विधवांच्या अवमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचे कात्रण आमच्याच वहिनींनी कापून ठेवले होते. तरी पाय मागे गेलेच. या वेळी मात्र आम्ही आकाशाकडे पाहिले नाही. उठून त्यांना आणले आणि आमच्या खुर्चीवर बसविले. त्या संकोचल्या, थोड्या रागावल्याही. फोटोत त्यांचा चेहरा किंचित त्रासिकच आला आहे.

वाचकांस एवढीच विनंती की, घरात जुने फोटो असतील तर त्यांच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने सर्वांची नावे आजच लिहून ठेवावी. ओळखणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. आम्ही आमच्या फोटोमागे बत्तीस नावे लिहिली. तेहतिसावे माईंचे, आणि त्यापुढे कंसात 'दारात' असे लिहिले आहे.