मेजाखालचे हात

मन, वाणी व कृति यांची एकवाक्यता हें सज्जनाचें पहिलें लक्षण होय, असें मी तीस वर्षें वर्गांत मुलांना सांगत आलों. पत्नी वारली त्याच्या पुढच्या वर्षीं जपानांत ओसाकास मुलाकडे कांहीं दिवस राहावयास गेलों, आणि या शिकवणीची माझीच परीक्षा झाली.

शेजारीं एक वृद्ध दांपत्य राहत असे. एके रात्रीं त्यांच्या दाराशीं रुग्णवाहिका आली. पुढें चार-पांच दिवसांनीं ती बाई हिरव्या चहाचा पुडा घेऊन आमच्या दारांत उभी राहिली. कमरेंत लवून, मंद हसत ती कांहीं बोलली. मुलानें मला अर्थ सांगितला: यजमान वारले, त्या रात्रीं गाडीच्या आवाजानें आपली झोपमोड झाली, त्याची क्षमा असावी! ती गेल्यावर मी रागानेंच म्हणालों, "नवरा गेला आणि हिला हसूं कसें येतें?"

मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्हीं तिच्या हातांकडे पाहिलेंत का?"

मीं पाहिलें नव्हतें. तेव्हां त्यानें मला आकुतागावा या लेखकाची १९१६ सालची 'रुमाल' ही गोष्ट सांगितली. एका प्राध्यापकाकडे त्याच्या विद्यार्थ्याची आई येते व मुलगा गेल्याचें हसतमुखानें सांगते. प्राध्यापकाला नवल वाटतें. इतक्यांत त्याचा पंखा खालीं पडतो. तो उचलावयास वांकतो, तों मेजाखालीं त्या माउलीचे थरथरणारे हात दिसतात. मांडीवरचा रुमाल तिनें फाटेल इतका पिळून धरलेला असतो.

मनांतल्या खऱ्या भावनेला जपानी लोक 'होन्ने' म्हणतात व चारचौघांत धरावयाच्या रीतीला 'ततेमाए'. पहिल्याचा अक्षरार्थ 'मूळ स्वर'. दुसरा शब्द घराचा लांकडी सांगाडा उभारण्यालाही लावतात. ताकेओ दोई या मानसरोगतज्ज्ञानें १९८५ सालच्या आपल्या ग्रंथांत या दोहोंस एकमेकांवांचून अस्तित्व नाहीं असें प्रतिपादिलें आहे. अर्थात् या रीतीचा जाचही होतो. कचेरींत "विचार करूं" हें उत्तर बहुधा नकाराचें असतें, आणि तें न उमगलेला परका मनुष्य दिवसेंदिवस वाट पाहत बसतो.

पण संस्कृत शिकविणाऱ्या मला याचें नवल वाटावें, हेंच नवल! भरतमुनींनीं तेहतीस व्यभिचारी भावांत 'अवहित्था' म्हणजे मनोविकार लपविणें याची गणना केलेली आहे. कुमारसंभवांत आपल्या लग्नाची बोलणीं निघतांच पार्वती मान खालीं घालून हातांतील कमळाच्या पाकळ्या मोजूं लागते, हें उदाहरण मीं किती वेळां वर्गांत दिलें असेल! तेथेंही खरें बोलले ते हातच.

त्या रात्रीं जेवणानंतर मुलगा हळूच म्हणाला, "अण्णा, आई दवाखान्यांत होती तेव्हां तुम्ही टेलिफोनवर रोज, पत्रांत लिहावें तसें, 'इकडील सर्व कुशल' म्हणत होतां." यापुढें तो कांहीं बोलला नाहीं. मीं त्याला खरें कळविलें तेव्हां फार उशीर झाला होता. ती गेली त्या वेळीं तो विमानांत होता.

परदेशीं पोराच्या जिवाला घोर नको, एवढाच माझा हेतु होता. पण त्याला माझा धीराचा आवाज तेवढा ऐकूं आला. माझे हात दिसावयास तो जवळ नव्हता. शेजारीण आमच्यासमोर उभी होती. पाहण्याचें काम आमचें होतें, आणि माझ्या मुलानें तें केलें. मीं मात्र शेजाऱ्याशीं पाळावयाची रीत पोटच्या पोराशीं पाळली, आणि तीही त्याला वांकून पाहतां येणार नाहीं इतक्या अंतरावरून.

मुलाकडून त्या दिवशीं हा धडा मीं घेतला. आतां त्याचा टेलिफोन आला कीं, गुडघा दुखत असल्यास दुखतो म्हणून सांगतों. तोही कधीं कधीं म्हणतो, "अण्णा, आज फार थकलों." त्या दिवशीं मला बरी झोप लागते.