मुरबाडहून धोबीतलावाकडे

मुरबाडच्या व्यापाऱ्यास मुंबई नवी नाही. गावास रेल्वे नसल्याने पहाटे कल्याणपर्यंत एसटी, तेथून लोकल, मस्जिदला उतरून खरेदी आणि रात्रीपूर्वी परत, असा हा क्रम अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शहापूरची मंडळी आसनगावहून थेट गाडी धरतात. मात्र मस्जिदच्या पुढील अखेरच्या स्थानकावर उतरून, महापालिका मार्गाने थोडे चालून धोबीतलावापर्यंत कामाविना जाणारे विरळाच. जाण्याजोगे तेथे एक अंगण आहे.

ते सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे. महाविद्यालय १८६९ सालचे. दगडी कमानींनी वेढलेल्या त्याच्या चौकात रस्त्याचा कोलाहल पुष्कळसा ओसरतो. १९५८ साली याच चौकात अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय व्हायोलिनवादकाने मोठा वाद्यवृंद बसवला. राग भारतीय, वाद्ये पाश्चात्त्य, आणि प्रत्येक वादकापुढे लिहिलेला कागद. गायनास लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.

या मैफलीचे मोल कळण्यासाठी त्यापूर्वीची मुंबई पाहावी लागते. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंत पियानोवर जॅझ वाजवीत असे. त्याच शहरात मेहली मेहता यांनी १९४०मध्ये ‘बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट’ स्थापन केले. क्वार्टेट म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच: दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो. त्यात प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो. जॅझमध्ये चाल आणि ताल ठरलेले, बाकीचे वादकाने त्या क्षणी रचायचे. एकाचा सारा व्यवहार वहीत, दुसऱ्याचा सौदा तोंडी. सचोटी दोघांचीही तितकीच. तरीही दोघांना एकत्र बसवणे सोपे नव्हते.

अडचण केवळ सवयीची नसते, वाद्यांचीही असते. पियानोचा स्वर पट्टीला बांधलेला. दोन पट्ट्यांमधली जागा त्याला मिळत नाही. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट सरकवले की मींड निघते. म्हणून अशा भेटीत तंतुवादकाला पियानोच्या स्वराशी जुळवून घ्यावे लागते, आणि पियानोवादकाला तंतूसाठी जागा सोडावी लागते. ही दुसरी गोष्ट अधिक कठीण.

योगायोग असा की, त्याच १९५८ साली अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक दौऱ्यावर मुंबईत आला आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत त्याने वादन केले. येथे क्वार्टेट नव्हते, पण प्रश्न तोच होता: बांधलेला स्वर आणि ओढून वाकवलेला स्वर. त्या दौऱ्यातील संस्कारांतून ब्रुबेकने पुढे ‘कॅलकटा ब्लूज’ ही रचना केली.

मुंबईत हा मेळ रोज घडत होता, पण रंगमंचावर नव्हे, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन शिकवले जाई. ते शिकलेले तरुण पोटासाठी मुंबईस येत आणि धोबीतलावाच्या परिसरातील ‘कूड’ या गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत उतरत. त्यांतले काही हॉटेलांत जॅझ वाजवीत, काही व्हायोलिन धरीत. ध्वनिमुद्रणास दोघेही शेजारी बसत. संगीतकार चाल सांगे. ती प्रत्येक वाद्यासाठी वेगळी लिहून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसूझा, गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक करीत. तबकडीवर मात्र नाव बहुधा संगीतकाराचे आणि गायकाचे. ज्यांच्या घरी दमडीचीही नोंद चुकत नाही, त्यांना ही चूक सहज उमगेल.

झेवियर्सच्या अंगणात गोन्साल्विस यांनी तीच कला, कुणाच्याही चित्रपटाआड न राहता, स्वतःच्या नावाने मांडली. सारंग रागावरही त्यांनी वाद्यवृंदासाठी रचना केली होती. पण अशा संगीताला सातत्याने आश्रय देणारा वर्ग शहरात तयार झाला नाही. १९६५मध्ये ते अमेरिकेस सिराक्यूज विद्यापीठात गेले आणि पुढे गोव्यातील माजोर्डा या आपल्या गावी परतले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासह १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गीतात गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशभर पोहोचले. माणूस खरा आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. जानेवारी २०१२मध्ये त्यांचे निधन झाले.

धोबीतलावावरच १८६५ साली सुरू झालेल्या फुर्टाडोस या पेढीचे वाद्यांचे दुकान आहे. एक शंका अनेकांच्या मनात येते, म्हणून सांगणे बरे: व्हायोलिनच्या तारा पूर्वी प्राण्यांच्या आतड्यांच्या असत; आज बहुतांश तारा पोलादाच्या वा कृत्रिम धाग्याच्या असतात. पियानोच्या पट्ट्यांचे हस्तिदंतही जाऊन तेथे प्लास्टिक आले आहे. गजाला मात्र अद्याप बहुधा घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. कृत्रिम केसांचे गजही मिळतात, मागून घ्यावे लागतात.

तेथून स्थानक जवळ आहे. कसाऱ्याची गाडी शहापूरकरांना आसनगावला सोडते. मुरबाडकरांनी कल्याणच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवावी.