चिकटपट्टी

गेल्या महिन्यात आमच्या बँडची रेकॉर्ड निघाली. कंपनी नाही, निर्माता नाही. चौघांनी पदरचे पैसे घातले आणि ३०० प्रती काढल्या. बाज सगळा १९८० च्या आसपासच्या हार्ड रॉकचा. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी दुसरं काय वाजवायचं? चौघंही एकाच खोलीत, व्हॉल्व्हचे ॲम्प, कानात टिकटिक नाही. ड्रमर मध्येच पळत सुटतो, त्याच्यामागे आम्ही. ते तसंच ठेवलंय. कव्हर कोरं पांढरं, आणि प्रत्येक प्रतीवर चौघांपैकी एकाचीच सही.

हा पांढरेपणा उसना आहे. ज्याच्याकडून घेतला तो दादा गिरगावात आमच्या चाळीत, वरच्या मजल्यावर राहायचा. जहाजावर फिटर होता. आठ-दहा महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. घरी असला की गॅलरीभर गिटारींचा गोंगाट, आणि आतून काकूंचं, म्हणजे त्याच्या आईचं, ‘अरे, जरा हळू!’

१९९१ साली मी नववीत होतो. कुठल्याशा बंदरात एका दोस्ताकडून भरून आणलेली टेप त्यानं मला ऐकवली. सुरुवातीला युद्धावर निघाल्यासारखा संथ, जड ठेका; मग एक रिफ सुरू झाली आणि मी जिन्यातच बसलो. दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक टीडीकेची नव्वदची कॅसेट दिली. एका बाजूला तो सगळा अल्बम भरलेला. बँडचं नाव लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, ‘मलाही कुणी सांगितलं नाही.’

गाणी सात. ती संपली की घरघर, आणि मग अचानक टाळ-मृदंग. बायकांचं भजन, मध्येच सुरू झालेलं. बाजू संपेपर्यंत दोनेक मिनिटं तेच चालायचं. मला ते अल्बमचाच भाग वाटावं इतक्या वेळा मी ती कॅसेट वाजवली.

नाव कळलं १९९८ मध्ये, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये. मेटॅलिकाचा ‘गॅराज इंक.’ नुकताच आला होता. हेडफोन लावला तर तोच ठेका, तीच रिफ! पहिली प्रतिक्रिया: चोर कुठले, दादाच्या टेपवरून उचललंय. पुस्तिका उघडली तेव्हा कळलं, मूळ गाणं डायमंड हेडचं, ‘ॲम आय ईव्हिल?’

हे इंग्लंडमधल्या स्टाउअरब्रिजचे चार तरुण. मोठी कंपनी दाद देईना, म्हणून १९८० मध्ये त्यांनी आपणच अल्बम काढला. प्रती १,०००. पांढरं कव्हर, त्यावर नाव नाही, गाण्यांची यादीही नाही. चौघांपैकी कुणातरी एकाची सही तेवढी. ‘लाइटनिंग टू द नेशन्स’ हे नाव नंतर रूढ झालं. बँडच्या व्यवस्थापनात गायकाची आईसुद्धा होती. पुढे मेटॅलिकाचा ड्रमर झालेला लार्स उलरिक १९८१ च्या उन्हाळ्यात, सतरा वर्षांचा असताना, त्यांना ऐकायला अमेरिकेहून गेला आणि त्यांच्या गिटारिस्टच्या घरी राहिला. माझ्या कॅसेटवर नाव नव्हतं यात दादाचा दोष नव्हता. नाव मुळातच नव्हतं.

आमची रेकॉर्ड करताना ती कॅसेट पुन्हा काढली. पेन्सिल घालून सैल पडलेली फीत गुंडाळत होतो, तेव्हा कॅसेटच्या वरच्या कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी दिसली. कॅसेटच्या जमान्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. एखादं रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून कडेची खुंटी मोडून टाकायची असते. मोडलेल्या खाचेवर पट्टी चिकटवली तरच पुन्हा भरता येतं. म्हणजे कुणीतरी ते भजन जपायचं म्हणून खुंटी मोडली होती. आणि त्याच माणसानं माझ्यासाठी खाच बुजवली होती. मी कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली. तीस वर्षांत कधी लावली नव्हती. पाऊण तास भजन, आणि पुढे गाणारा आवाज काकूंचा. काकू जाऊन आता पंधरा वर्षं झाली.

रविवारी दादाकडे विरारला गेलो, कॅसेट आणि रेकॉर्ड दोन्ही घेऊन. इंजिनाच्या आवाजानं त्याचा एक कान गेलाय. कॅसेटबद्दल मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यानं ती हातात घेतली, नखानं चिकटपट्टी काढली, चोळामोळा करून खिडकीबाहेर टाकली आणि म्हणाला, ‘तुझ्याकडे टिकली. माझ्याकडे असती तर बुरशीच आली असती.’ मग कॅसेट कपाटात ठेवली.

रेकॉर्ड मात्र फुकट घेईना. ‘स्वतःच्या पैशानं काढलीत ना? मग धंद्यासारखी विका.’ पंधराशे रुपये मोजून दिले. सही कुणाची आली ते पाहिलं, ड्रमरची होती. थोडा हिरमुसला.

त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. येत्या रविवारी मी माझा घेऊन जाणार आहे.