शेवटचा हात

गाडी दारात आली की मी आधी तिचे दिवे बघतो. परवा एक सर आले, बारा वर्षांची पांढरी गाडी घेऊन. डावा दिवा मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा, उजवा त्या मानानं बरा. म्हटलं, "सर, घरी गाडीचं तोंड पश्चिमेला असतंय न्हवं? आणि डाव्या अंगाला मोकळं मैदान?" सर बघतच राहिले. यात ज्योतिष काही नाही. मधले मे ते जुलैचे तीनेक महिने सोडले तर आपल्या कोल्हापुरावरून सूर्य दक्षिणेकडं कलूनच जातो, आणि पश्चिमेला तोंड केलेल्या गाडीची डावी बाजू दक्षिणेला येते. ज्या दिव्यानं जास्त ऊन खाल्लं तो आधी पिवळा.

सगळे तिला काचच म्हणतात. मीही म्हणतो. पण काच अशी पिवळी पडत नाही. ॲम्बेसेडरच्या आणि फियाटच्या गोल दिव्यांवर खरी काच होती. गाडी भंगारात निघायची, पत्रा गळायचा, सीटमधनं काथ्या बाहेर यायचा, पण दिवा ओल्या फडक्यानं पुसला की लख्ख. फुटायची मात्र एका खड्यात. हल्लीच्या दिव्यावर असतं ते पॉलिकार्बोनेट. 1953 साली जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, हे प्लॅस्टिक बनवलं. दंगलीत पोलिसांच्या हातात पारदर्शक ढाल दिसते ती याचीच, गाण्याची सीडीही याचीच. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ते सोसतं, हव्या त्या वळणात ओतता येतं, वजनाला हलकं. खोडी दोन. कोरडं फडकं दाबून फिरवलं तरी ओरखडा उठतो, आणि उन्हातले अतिनील किरण त्याला पिवळं करतात. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक कडक, पारदर्शक हात मारून देतात.

हात म्हणजे थर. आमच्या रंगकामात पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात अशीच भाषा. कारखान्याचा हा हात केसाहून कितीतरी पातळ असतो. आठ-दहा वर्षांच्या उन्हात तो आधी मरतो, पापुद्रे धरतो, आणि मग खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. लोकांना वाटतं, दिव्यावर घाण साचली आहे, घासली की निघेल. खरं तर दिव्याची कातडी गेलेली असते.

म्हणून माझं पहिलं काम म्हणजे उरलीसुरली कातडीही सोलून काढणं. बॉनेटच्या आणि बंपरच्या कडांना दुहेरी मास्किंग टेप, बादलीत पाणी, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, आणि रबरी ठोकळ्याला गुंडाळलेला 400 नंबरचा वॉटर पेपर. नुसत्या बोटांनी घासायचं नाही. बोटांखाली खाचा पडतात आणि रात्री दिवा लावला की त्या उजेडात दिसतात. 400 आडवा चालवायचा. पहिल्यांदा जे पाणी गळतं ते पिवळट असतं, हळद घातलेल्या ताकासारखं. पाणी पांढरं येईतो थांबायचं नाही. मग 600 उभा, आधीची एकही आडवी रेघ उरणार नाही तोवर. मग 800 परत आडवा. दिशा बदलली नाही तर कुठली रेघ कुठल्या पेपरची हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

या टप्प्यावर दिवा मेणबत्तीसारखा दिसतो. आत बल्ब आहे की नाही तेही कळत नाही. मालक शेजारी उभे असले तर इथं त्यांचा धीर सुटतो. एकजण ओरडलेच होते, "आवो, पिवळा तरी होता की वो! पार पांढराफेक केलासा!" तेव्हापासून 400 हातात घेतला की मी मालकांना कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला पाठवतो.

जे उभेच राहतात त्यांना मी पाणी दाखवतो. मेणबत्ती झालेल्या दिव्यावर मगभर पाणी ओतायचं. पाणी असेतो दिवा आरपार दिसतो, आतला रिफ्लेक्टर चकाकतो, बल्बचं टोक दिसतं. पाणी ओघळलं की परत धुकं. पेपरच्या बारीक रेघांत पाणी भरतं, उजेड विखरायचा थांबतो, एवढंच त्याचं गुपित. पण या एका मगात माझी सगळी परीक्षा असते. ओल्या दिव्यात जे स्वच्छ दिसतं ते शेवटच्या हातानंतर स्वच्छ दिसणार. ओल्यातही जो डाग दिसतो तो तसाच राहणार, म्हणजे परत 400 वर यायचं.

हे सगळं मला पहिल्यापासून येत होतं असं नाही. सुरुवातीला मी 2000 पर्यंत पेपर मारायचो, रबिंग कंपाउंड लावून बफ फिरवायचो आणि गाडी द्यायचो. दिवा नव्यासारखा! लोक खूश, मी खूश. चार महिन्यांत पहिली गाडी परत आली, आधीपेक्षा पिवळी. कातडी मी सोलली होती आणि नवी दिलीच नव्हती. दुसऱ्यांदा शहाणा होऊन क्लिअर, म्हणजे पारदर्शक हात, मारायचं ठरवलं, आणि मारण्याआधी दिवा थिनरनं पुसला, पत्रा पुसतात तसा. डोळ्यांदेखत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आतपर्यंत पसरले. पॉलिकार्बोनेटला थिनर चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. तो दिवा मी खिशातून भरून दिला. पूर्ण दिवा घ्यावा लागला, कारण नुसती काच सुटी मिळत नव्हती.

आता मोबाइलवर बघून लोक घरीच प्रयोग करून येतात. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिशच की. तात्पुरती चमक येते, पावसाच्या दोन सरींत जाते. नुकसान फार नाही. अंगाला लावायचं डीट असलेलं डासांचं औषध दिव्याला चोळणं मात्र वाईट. ते प्लॅस्टिकचा वरचा पदर विरघळवतं म्हणून ओलसर चमक दिसते, पुढं चिकट आणि गढूळ. आणि सगळ्यात वाईट तो वाफेचा कप. कपात द्रावण तापवतात, नळीतून वाफ दिव्यावर सोडतात, क्षणात दिवा काचेसारखा. जादूच. त्या द्रावणात बहुधा डायक्लोरोमेथेन असतं, जे फुफ्फुसात जाणं अजिबात बरं नाही, आणि वाफेनं वितळून बसलेला पदर पुढं तडकतो. जुन्या गाड्या विकणाऱ्यांना हे आवडतं, कारण गाडी विकली जाईतो टिकलं की त्यांचं काम झालं. माझ्याकडंही येतात असे, "फक्त चकाकव" म्हणतात. त्यांना मी नाही म्हणत नाही, धंदा आहे. पावतीवर मात्र "कोटिंग नाही" असं लिहितो.

बाकीच्यांना शेवटचा हात घेतल्याशिवाय गाडी देत नाही. अतिनील किरण अडवणारं टू-के क्लिअर, हार्डनर मोजून. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नुसता रुमाल बांधून मारणारे पेंटर मी पाहिलेत आणि त्यांचा खोकलाही ऐकलाय. 1000 च्या पेपरवर थांबायचं, गुळगुळीत करायचं नाही, क्लिअरला धरायला खरबरीतपणा हवा. पहिला हात अगदी हलका. दुसरा भरून. दुसऱ्या हातानं मेणबत्तीचा दिवा होतो, स्प्रेची बंदूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईतो. इतकी वर्षं झाली, अजून त्या क्षणी पोरं हातातलं काम टाकून बघायला येतात. मीही दोन हातांच्या मध्ये कुणाशी बोलत नाही.

काही गाड्यांना हात लावत नाही. एकानं 60/55 वॅटच्या जागी 100/90 चा बल्ब घातला होता. होल्डर वितळलेला, रिफ्लेक्टरचा आरसा जळून काळपट. बाहेरची काच ठीकच होती. ते म्हणाले, "घासा, पैसे देतो." आत उजेड परतवणारंच काही उरलं नाही, मी बाहेर काय घासू?

अमेरिकेतल्या एएए या मोटारधारकांच्या संघटनेनं 2018 साली मोजलं, तेव्हा धुरकटलेल्या दिव्यातून नव्याच्या मानानं जेमतेम पाचवा हिस्सा उजेड रस्त्यावर पडत होता. घासून नीट केल्यावर सत्तर टक्क्यांच्या आसपास. म्हणून "नव्यासारखा होईल" असं मी कुणाला सांगत नाही. पण पाचवा हिस्सा म्हणजे काय हे आमच्या भागात साखर कारखाने सुरू झाले की कळतं. रात्री अकरा वाजता उसानं लादलेली दोन ट्रॉल्यांची गाडी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, लोंबणाऱ्या वाढ्यांनी नंबरप्लेटही झाकलेली. सरांचं गाव गगनबावडा रस्त्याला. ते आले होते ते दसऱ्याला गाडी पूजेला बरी दिसावी म्हणून. मी दिवे केले ते दसऱ्यानंतरच्या हंगामासाठी.

गाडी नेताना त्यांना सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. घरी गाडीचं तोंड सावलीत करा. दिवा कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी पाणी मारा. आणि क्लिअर पुरतं कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर दिव्याला झेंडूचा हार घासू देऊ नका. कुंकू बॉनेटला लावा.