सिनोनिम म्हणजे टेबलाचं टोपणनाव

मराठीच्या तासाला आपण पाण्याला जल, नीर हे समानार्थी शब्द शिकवतो. तिथे सगळे शब्द सारख्याच मानाचे. ओरॅकल डेटाबेसमधलं 'सिनोनिम' मात्र तसं नाही. मला ते टोपणनावासारखं वाटतं.

समजा, 'शाळा' या खात्यात 'विद्यार्थी' नावाचं टेबल आहे. दुसऱ्या खात्यातून ते पाहायचं तर 'शाळा.विद्यार्थी' असं पूर्ण लिहावं लागतं. 'क्रिएट सिनोनिम' ही आज्ञा देऊन त्याला 'मुले' हे नाव दिलं, की नुसतं 'मुले' लिहून काम होतं. प्रायव्हेट सिनोनिम एका खात्याचं असतं, पब्लिक सगळ्यांसाठी. माहिती मात्र मूळ टेबलातच राहते. सिनोनिम काढलं तरी टेबलाला धक्का लागत नाही. टेबलच काढलं तर सिनोनिम नुसतं नावापुरतं उरतं, वापरायला गेलं की एरर येते. आणि मूळ टेबल पाहायची परवानगी नसेल, तर सिनोनिम माहीत असूनही उपयोग नाही.

माझ्या वर्गात एक छकुली आहे. पहिलीत आली तेव्हा हजेरीतलं नाव पुकारलं तरी ती 'हजर' म्हणेना, कारण ते आपलं नाव आहे हेच तिला ठाऊक नव्हतं! हाक मारायला छकुली गोडच. पण दाखल्यावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर ते चालत नाही. हक्क मिळतो तो मूळ नावाला. म्हणून पहिलीच्या मुलांकडून मी आधी स्वतःचं पूर्ण नाव पक्कं करून घेते.