तिकडे चालली तर खरी

डीव्हीडी रायटर मागितला की दुकानदार आधी माझ्याकडे नीट बघतो आणि मग विचारतो, ‘कशाला हवाय?’ प्रश्न रास्त आहे. हल्ली लॅपटॉपला डिस्कचा कप्पाच नसतो. तुमच्यापैकी अनेकांनी डिस्क शेवटची पाहिली असेल ती शेतात पाखरं हाकलायला दोरीला टांगलेली.

माझं उत्तर ठरलेलं आहे. आजीसाठी.

आजी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, तरी बारीक अक्षर दिसत नाही. घरात रेंज येते ती पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि पावसाळ्यात तीही रुसते. व्हिडिओ कॉल म्हणजे ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ यातच संपणारा प्रकार. स्मार्टफोनच्या गुळगुळीत काचेवर तिच्या बोटांना काहीच लागत नाही.

पण डीव्हीडी प्लेअर तिला चालवता येतो. मामाने तो भजनं ऐकायला म्हणून घेतला होता. मामीने रिमोटच्या दोन बटणांवर नेलपॉलिशचे जाड थेंब लावून दिलेत. बोट फिरवलं की आजीला कळतं, हे उघडायचं, हे चालू करायचं. प्लेअरला पेनड्राइव्हचं भोकही आहे, पण पेनड्राइव्ह लावला की टीव्हीवर इंग्रजी नावांची यादी येते आणि त्यातून बाण दाबत निवडावं लागतं. डिस्कचं तसं नाही. नीट बनवलेली डिस्क आत ढकलली की आपोआप सुरू होते. आजीच्या भाषेत, ‘सीडी लावली की माणसं येतात.’

म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी मी फॅमिली ग्रुपवरचे तुकडे गोळा करते: कुणाचं बारसं, कुणाचं गॅदरिंग, मावशीकडचा गणपती. त्याची एक डिस्क बनते. गावी जो कोणी जाईल तो ती नेतो आणि जुनी परत आणतो. परत आलेली पुसायची, पुन्हा भरायची. त्यासाठीच पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू. अशी डिस्क साधारण १००० वेळा लिहिता येते असं धरलं जातं. महिन्याला एक या हिशेबाने ८३ वर्षं. कागदावर तरी.

जळत काहीच नाही

आपण ‘बर्न’ म्हणतो ते एकदाच लिहायच्या डीव्हीडी-आरला लागू पडतं. तिच्यात एक रंगद्रव्याचा थर असतो. लेझरने तो कायमचा बदलतो, मागे फिरत नाही.

आरडब्ल्यूमध्ये मात्र धातूंच्या मिश्रणाचा पातळ थर असतो. सहसा त्यात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम असतं. लेझरने एखादा ठिपका वितळवला आणि तो झटकन थंड झाला, तर त्यातले अणू विस्कटलेल्या अवस्थेतच गोठतात. तो ठिपका मंद दिसतो. तोच ठिपका जरा कमी तापवला, तर अणू पुन्हा स्फटिकासारखे रांगेत बसतात आणि ठिपका उजळतो. मंद आणि उजळ, एवढ्यावर सगळा मजकूर. पुसणं म्हणजे सगळ्यांना पुन्हा रांगेत बसवणं. काचेसारख्या पदार्थांमधल्या अशा उलटसुलट बदलांवर स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी १९६८ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. ते कॉलेजात शिकलेले नव्हते. कारखान्यात यंत्रांवर काम करत पुढे आलेला हा माणूस होता. बाजारात डीव्हीडी-आरडब्ल्यू यायला मात्र १९९९ उजाडलं.

हे तपशील सांगायचं कारण, आरडब्ल्यूची बहुतेक दुखणी याच थरातून निघतात. कंपनीतून छापून आलेल्या साध्या डीव्हीडीवर पडलेल्या प्रकाशापैकी ४५ ते ८५ टक्के परत येतो. डीव्हीडी-आरचंही तसंच. आरडब्ल्यूवरून परत येतो फक्त १८ ते ३० टक्के. गंमत अशी की दोन थरांच्या छापील डीव्हीडीचा आकडाही एवढाच असतो. त्यामुळे जुने प्लेअर आरडब्ल्यू पाहून फसतात. ही दोन थरांची आहे असं समजून तिच्यात नसलेला दुसरा थर शोधत बसतात.

‘सक्सेसफुल’ कुणासाठी?

बराच काळ सगळं सुरळीत चाललं होतं. मग जुना रायटर गेला, नवा आला, सोबत नव्या डिस्कांचं पाकीटही आलं. पहिली डिस्क बनली. स्क्रीनवर ‘सक्सेसफुल’ आलं. लॅपटॉपवर लावून पाहिली, उत्तम चालली. मामेभाऊ घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आजीचा फोन, ‘अगं, माणसं येईनात.’

माझ्या रोजच्या कामात काही बिघडलं की लॉग असतात. कुठल्या क्षणी काय झालं ते ओळीओळीने लिहिलेलं असतं. इथे फोनच्या पलीकडे एक म्हातारी बाई होती, जिला टीव्हीवरची पाटी वाचता येत नव्हती. मी विचारलं, ‘आजी, आवाज कसा येतोय?’

‘घरघर करतो, थांबतो. परत घरघर. मग गप्प.’

माझा लॉग हाच होता, आणि तो चांगला होता. ‘घरघर, थांब, परत घरघर’ म्हणजे प्लेअर डिस्क फिरवतोय, ओळखायचा प्रयत्न करतोय, पण ती कसली आहे हे त्याला कळत नाहीये. डिस्क ओळखून आतला मजकूर नाकारला असता तर फिरणं चालू राहिलं असतं, फक्त चित्र आलं नसतं. पुढे मी आजीशी अशीच बोलत गेले. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

डिस्क सुरूच होत नसेल तर तीन गोष्टी क्रमाने तपासायच्या.

पहिली, ती कोणत्या पद्धतीने लिहिली आहे. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिला पर्याय सोयीचा दिसतो, पण तशी डिस्क घरातल्या प्लेअरला सहसा कळत नाही. दुसरा पर्याय निवडूनही फोनचे व्हिडिओ जसेच्या तसे टाकले, तर ती नुसती फायलींची डिस्क होते. साध्या प्लेअरला एमपेग-२ व्हिडिओ लागतो, आपल्याकडच्या पॅल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, आणि तोही ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये. डीव्हीडी ऑथरिंगचं सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं. तिथेच मेन्यू काढून टाकायचा आणि डिस्क घालताच पहिला व्हिडिओ सुरू होईल असं ठरवायचं. आजीसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा पर्याय.

दुसरी, डिस्क बंद केली आहे का. याला फायनलाइज म्हणतात. लॅपटॉप उघडी डिस्कही वाचतो, प्लेअर बहुधा वाचत नाही.

तिसरी, प्लेअरला डिस्कवरून पुरेसा प्रकाश परत मिळतोय का. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी ठीक होत्या. मग मी तोच व्हिडिओ साध्या डीव्हीडी-आरवर लिहून पाठवला. तो लगेच चालला. म्हणजे मजकुरात खोट नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम सॉफ्टवेअरइतकाच इथेही उपयोगी पडतो. राहिला प्रकाश. नव्या आरडब्ल्यूवरून तो कमी परत येत होता आणि प्लेअरच्या लेन्सवर कोकणातली इतक्या वर्षांची दमट धूळ होती. मामाने प्लेअर बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने लेन्स पुसून दिली. मी वेगळ्या पाकिटातली डिस्क घेतली. माणसं परत आली.

अडकते कुठे, ते विचारा

सुरू होऊन मध्येच अडकणारी डिस्क वेगळी गोष्ट सांगते. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट कडेला. आजी म्हणाली, ‘बारसं पुरं दिसलं, गणपतीत अडकली,’ तर गणपती शेवटी होता, म्हणजे बोट कडेकडे दाखवायचं. तिथेच बोटांचे ठसे जास्त असतात. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. गोल पुसताना चरा पडला तर तो मजकुराच्या रेषेतच बसतो आणि सलग बराच भाग खातो. आडवा चरा प्रत्येक फेऱ्यातला छोटा तुकडा खातो, आणि तेवढी चूक भरून काढायची सोय डीव्हीडीत मुळातच असते.

कुठेही, विशेषतः धावपळीच्या दृश्यात, अडकत असेल तर बिटरेट बघायचा. लॅपटॉपला घाई नसते. वाचलं नाही तर तो पुन्हा वाचतो, आपल्याला कळतही नाही. प्लेअरला मात्र पुढचं चित्र वेळेवर हवंच असतं. म्हणून लॅपटॉपवर चाललेली डिस्क तिकडे अडखळते. मी सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास ठेवते. त्या हिशेबाने ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास मावतात. (डिस्कवर ४.७ छापलेलं असतं आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, ती फसवणूक नाही. दोघांची जीबी मोजायची रीत वेगळी.) मी तासाभराचंच भरते. म्हणजे कड कोरी राहते आणि एक दुखणं आपोआप टळतं.

लिहितानाच एरर येत असेल तर तो मामला इकडचा. बाहेरून लावायचा रायटर यूएसबीतूनच वीज घेतो. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतात. वाचायला ते पुरतात, लिहायला लेझर जोरात चालवताना कमी पडू शकतात. हब काढून थेट लॅपटॉपला जोडायचं, किंवा दोन तोंडांची केबल वापरायची. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ आली, तर रायटरने लेझरची ताकद ठरवण्यासाठी डिस्कच्या आतल्या भागात केलेली चाचणी फसलेली असते. लेन्स पुसा, दुसऱ्या कंपनीची डिस्क घ्या, वेग बदला. वेग सगळ्यात कमी ठेवला की सगळ्यात चांगलं, असंही नाही. प्रत्येक डिस्क ठरावीक वेगांसाठी बनलेली असते, त्यातलाच एक निवडायचा.

आणि पुसताना ‘क्विक’ ऐवजी अधूनमधून ‘फुल’ निवडायचं. क्विक इरेज म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. फुल इरेज सगळा थर पुन्हा रांगेत बसवतं. त्याला पूर्ण डिस्क लिहिण्याइतका वेळ लागतो, पण चिडलेली डिस्क पुष्कळदा त्याने शांत होते.

शेवटी ‘व्हेरिफाय’. ‘सक्सेसफुल’ म्हणजे रायटरने सगळं लिहून पाठवलं, एवढंच. व्हेरिफाय केल्यावर कळतं की इथे ते परत वाचता येतंय. तिकडे वाचता येतं का, हे सांगणारं बटण कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. ते आजीच सांगते.

परत न आलेली डिस्क

गेल्या वर्षी मार्चमधली डिस्क परत आली नाही. विचारलं तर आजी म्हणाली, ‘असू दे इथे.’ त्या डिस्कवर तिची धाकटी बहीण होती, डोंबिवलीच्या घरी वाटाणे सोलत, आजीलाच उद्देशून काहीबाही बोलणारी. चारेक मिनिटं असतील. जूनमध्ये ती गेली. आजीला प्रवास झेपणारा नव्हता, ती शेवटचं भेटायला जाऊ शकली नाही.

आरडब्ल्यू अशा कामासाठी नसते. तिचा गुणच असा की ती परत कोरी होते. कुणी पाहुण्याने कौतुकाने लॅपटॉपला लावली आणि एक बटण दाबलं, की मिनिटभरात अनुक्रमणिका गेली. त्यात रोज लावल्याने तिच्यावर चरे पडत होते. दिवाळीत गेले तेव्हा रायटर सोबत नेला. डिस्कची इमेज काढली आणि दोन डीव्हीडी-आरवर उतरवली, ज्या पुसता येत नाहीत. एक लॅपटॉपवरही ठेवली. डिस्कवर कागदी लेबल चिकटवायचं नसतं, फिरताना तोल जातो. म्हणून आजीला हाताला कळावं यासाठी त्या डिस्कच्या डबीला रबरबँड लावला.

आजीचा नवी डिस्क घ्यायला विरोध असेल, तिला तीच, तिच्याच हातातली हवी असेल, असं मला वाटत होतं. मी समजावायला लागले, ‘आजी, ही नवी आहे, पण आतलं सगळं तेच आहे.’

‘मला कुठली ते काय करायचंय?’ ती म्हणाली. ‘लाव.’

प्लेअर घरघरला, एकदाच, आणि वाटाण्याच्या शेंगा फुटल्याचा आवाज आला. आजीने डोळे मिटून घेतले होते. चारेक मिनिटांनी ती म्हणाली, ‘आहे. ती जुनी ने, भर.’